आपली बिअर कोणती? तालुक्याच्या बिअर शॉपीतून चव ओळखायला शिकताना

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बिअर शॉपीच्या काउंटरवर दोनच प्रश्न ऐकू येतात: ‘स्ट्राँग का माइल्ड?’ आणि ‘चिल्ड आहे का?’ चवीचं कोणी विचारत नाही, दुकानदारही सांगत नाही. म्हणून दहा वर्षं बिअर पिणाऱ्यालासुद्धा आपल्याला काय आवडतं ते सांगता येत नाही. तो ब्रँडचं नाव सांगतो. ब्रँड, गारवा आणि किक या तिन्ही गोष्टी बाजूला काढल्या की उरते ती चव. ती ओळखायला चार माणसं, चार छोट्या बाटल्या आणि एक संध्याकाळ पुरते.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. वय २१ पूर्ण हवं. कडक दारूसाठी महाराष्ट्रात हीच अट २५ ची आहे. पिण्याचा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. बिअर शॉपीतून फक्त घेऊन जायचं. तिथेच उभं राहून पिता येत नाही, त्यासाठी परमिट रूम. आपल्याकडे खरी अडचण होते ती जिल्ह्यांच्या सीमांची. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि बिअर त्यातून सुटलेली नाही. चंद्रपूरची बंदी २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. आता नकाशा बघा. नागपुरातून वेगळी काही बाटली घेऊन अमरावतीकडे निघालात तर कारंजा घाडगे आणि तळेगाव लागतं, यवतमाळकडे देवळी, चंद्रपूरकडे जाम. तिन्ही वाटा वर्धा जिल्ह्यातून जातात. डिक्कीत बाटल्या सापडल्यावर ‘आम्ही नुसतं इथून जात होतो’ हे उत्तर चालत नाही. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याहून स्वस्तात आणलेली बिअरही तशीच अंगाशी येते, कारण कोणत्या राज्यात विक्रीसाठी ते लेबलवर छापलेलं असतं. आपल्याच तालुक्यातून घ्या, हा सगळ्यात सोपा मार्ग.

आधी किकचा हिशोब

‘बिअर म्हणजे काय दारू थोडीच’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. गुणाकार करून बघा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या एका पेगात सुमारे १३ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार पेग. ५ टक्क्यांची माइल्ड असेल तर अडीच. ३३० मिलीची माइल्ड पिंट म्हणजे सव्वा पेग. नियमाप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी आणि ५ ते ८ टक्क्यांची स्ट्राँग. टक्का लेबलवर असतोच. नावातल्या आकड्यावर जाऊ नका. हेवर्ड्‌स ५००० मधल्या ५००० चा अल्कोहोलशी काही संबंध नाही.

रंगावरही जाऊ नका. ‘काळी बिअर म्हणजे जहाल’ हा समज पक्का बसलेला आहे. डब्लिनची गिनेस कोळशासारखी काळी असते आणि तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे पिवळ्याधमक स्ट्राँगच्या जवळपास निम्मं. रंग येतो तो सातू किती भाजला त्यावरून.

स्ट्राँगला नावं ठेवायची नाहीत, पण ती कशी बनते ते माहीत असावं. अल्कोहोल वाढवायचं तर यीस्टला, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवांना, जास्त साखर खायला द्यावी लागते. सगळी साखर माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या सातूतून) काढली तर बिअर महाग आणि जड होते, म्हणून तांदूळ, मका किंवा साखरेचा पाक मिसळला जातो. त्यातून गोडसर, थोडी गरम लागणारी, घशाशी जळजळ देणारी बिअर तयार होते. अगदी बर्फगार प्यायली की ही जळजळ झाकली जाते. ‘चिल्ड पाहिजे’ या हट्टामागे अर्धं कारण हेच आहे.

प्रकार किती, आणि आपल्याकडे मिळतात किती

ढोबळ भाग दोनच: लागर आणि एल. फरक यीस्टचा. लागरचं यीस्ट थंडीत, साधारण ८ ते १३ अंशांत, सावकाश काम करतं. बिअर स्वच्छ, फारसा वास नसलेली होते. एलचं यीस्ट १५ ते २४ अंशांत भराभर काम करतं आणि फळांचे, मसाल्याचे वास सोडतं. तालुक्याच्या शॉपीत फ्रिजमधलं जवळजवळ सगळं लागरच असतं, लेबलं कितीही रंगीबेरंगी असोत. किंगफिशर प्रीमियम, टुबोर्ग, कार्ल्सबर्ग, बडवायझर, हायनेकन सगळ्या त्यातल्याच.

पण लागर-लागरमध्ये फरक आहे. बडवायझरमध्ये तांदूळ असतो, म्हणून ती पातळ आणि कोरडी लागते. हायनेकन नुसत्या माल्टची, म्हणून जरा भरलेली. पिल्सनर हा लागरचा कडवट भाऊ. १८४२ मध्ये चेक प्रदेशातल्या प्लझेन गावी पहिल्यांदा बनला. सोनेरी रंग, स्वच्छ चव आणि मागून येणारा हॉप्सचा कडूपणा ही त्याची खूण. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बिअरला कडूपणा आणि बराचसा वास तीच देतात. कडूपणा आयबीयू या एककात मोजतात: आपली माइल्ड लागर साधारण १० ते २०, चांगला पिल्सनर २५ ते ४०, इंडिया पेल एल ४० ते ७०. या शेवटच्या प्रकाराच्या नावात इंडिया आहे, पण तो इंग्लंडात बनायचा आणि १९ व्या शतकात जहाजांतून इथल्या गोऱ्यांसाठी यायचा. तालुक्याला तो मिळणार नाही, नागपुरातल्या मोठ्या दुकानात विचारून बघा.

गव्हाची बिअर मात्र नवख्यांनी चुकवू नये. बेल्जियन पद्धतीत धने आणि संत्र्याची साल घालतात. हुगार्डन ही त्यातली ओळखीची. जर्मन पद्धतीत काहीच घालत नाहीत, तरी केळं आणि लवंगेचा वास येतो, तो यीस्टचा. दोन्ही गढूळ असतात. गढूळ दिसली म्हणून बाटली परत करू नका. लागर गढूळ असेल तर मात्र करा.

स्टाउट म्हणजे भाजलेल्या सातूची काळी बिअर. कॉफी, करपलेली भाकर, कडू चॉकलेट या अंगाने जाणारी चव. ४५ अंशांच्या मे महिन्यात तिच्या नादी लागू नका. डिसेंबरच्या थंडीत तिची खरी गंमत आहे.

खरेदी

पहिल्या बैठकीसाठी चार बाटल्या: एक साधी माइल्ड लागर, एक नुसत्या माल्टची लागर किंवा पिल्सनर, एक गव्हाची, एक स्ट्राँग. सगळ्या ३३० मिलीच्या. एक बाटली चौघांत वाटली की प्रत्येकाला ८० मिली येते. चारही मिळून प्रत्येकाच्या पोटात जेमतेम दीड पेगाएवढं अल्कोहोल जातं आणि जीभ शेवटपर्यंत ताळ्यावर राहते. ६५० च्या बाटल्या घेतल्या तर उरलेली टाकवत नाही, तिसऱ्या बाटलीनंतर सगळ्याच छान लागतात आणि वहीत काहीच लिहिलं जात नाही.

बाटली हातात घेतल्यावर आधी उत्पादनाची तारीख बघा. बिअर मुरत ठेवायची गोष्ट नाही. तीन महिन्यांच्या आतली घ्या, सहा महिन्यांच्या पुढची फुकट मिळाली तरी चव शिकायला नको. उन्हाळ्यात हे आणखी कडक पाळा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की बिअर शिळी होण्याचा वेग दुपटीतिपटीने वाढतो. वाळूजच्या कारखान्यातून निघालेली पेटी एप्रिलमध्ये ट्रकमध्ये तापते, मग पत्र्याच्या गोदामात, मग दुकानात. शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. एकदा ओळखलात की आयुष्यभर विसरत नाही.

दुसरं, उजेड. सूर्यप्रकाशात हॉप्समधला घटक बदलून कुबट, गंधकाचा वास येतो. तपकिरी काच तो बराच अडवते, हिरवी कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. शोकेसमध्ये उन्हात मांडलेली हिरवी किंवा पांढरी बाटली नको. मागच्या पेटीतली मागा. कॅनला ही भानगडच नाही. ‘एकदा थंड केलेली गरम झाली की गेली’ असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. एकदा गार होऊन परत तापल्याने बिअर मरत नाही, आठवडेच्या आठवडे तापत राहिल्याने मरते.

गार करणं

फ्रिज असेल तर सकाळीच ठेवा, दारात नव्हे, आत. लाइटीचा भरवसा नसेल तर बर्फ. बादलीत ५ लिटर पाणी, तेही माठातलं, कारण टाकीच्या पाण्याने अर्धा बर्फ तिथेच संपतो. त्यात ४ ते ५ किलो फोडलेला बर्फ आणि दोन मुठी जाडं मीठ. बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा. काचेच्या बाटलीला २० ते ३० मिनिटं, कॅनला १५. नुसत्या बर्फावर आडव्या ठेवल्या तर दुप्पट वेळ लागतो, कारण बाटलीला बर्फ जेमतेम टेकतो आणि मध्ये हवा राहते. पाणी सगळीकडून चिकटतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठते, फुगते आणि बाटली फुटते.

लागर ४ ते ७ अंशांत चांगली लागते, गव्हाची ५ ते ८, स्टाउट ८ ते १२. थर्मामीटर नसला तरी चालेल. बाटली बादलीतून काढून पाच मिनिटं ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर दव धरलं की लागर ओतायला तयार. स्टाउटला पंधरा मिनिटं द्या. त्याहून गार असेल तर जीभ बधिर होते आणि चारही बाटल्या सारख्याच लागतात. नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. ग्लासात बर्फ टाकायचा नाही. चव पातळ होते आणि लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही.

ग्लास

स्टीलचा नको, रंग आणि फेस दिसत नाही. काचेचे साधे चहाचे ग्लास चालतील, पण ते धुण्यावर सगळं अवलंबून आहे. तेलाचा हात लागलेला ग्लास फेस मारतो. साबणाने धुवा, भरपूर पाण्याने खळखळा, पुसू नका, पालथे घाला. ग्लास ओला करून बघा: पाणी एकसंध पापुद्र्यासारखं उतरलं तर स्वच्छ, थेंबाथेंबाने तुटलं तर तेलकट. बिअर ओतल्यावर बुडबुडे काचेला चिकटून बसले तरी तेच समजा.

ग्लास तिरपा धरून अर्धा भरा, मग सरळ करून मध्यावर ओता. दोन बोटं फेस यायलाच हवा. फेस म्हणजे दुकानदाराची लबाडी नव्हे. वास त्यातूनच वर येतो, आणि जो गॅस ग्लासात सुटत नाही तो पोटात सुटतो. पोट फुगण्याची तक्रार बहुतेक बाटलीला तोंड लावून पिणाऱ्यांची असते. गव्हाच्या बाटलीत तळाशी थोडी ठेवा, बाटली गोल फिरवा आणि मग तो गाळ ओता. निम्मी चव त्यात असते.

नाकाची तयारी

बिअर उघडायच्या आधी एका ताटात हे मांडा: संत्र्याची ताजी साल, जरासे कुटलेले धने, दोन लवंगा, पिकलेल्या केळ्याचा काप, भाकरीचा करपलेला पापुद्रा, चिमूटभर कॉफी, उकडलेल्या मक्याचे दाणे आणि पाण्यात भिजवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. पहिले सहा म्हणजे बिअरमध्ये हवेसे वास, शेवटचे दोन म्हणजे दोष. एकेक हुंगा, मग डोळे मिटून कोणाकडून तरी समोर धरवून ओळखा.

जिभेसाठी दोन वाट्या. एका वाटीत चमचाभर मेथीदाणे दोन तास भिजवलेलं पाणी: हा कडू. दुसऱ्यात आवळ्याचा काप चोळलेलं पाणी: हा तुरट. स्ट्राँगचा घोट घेतल्यावर घशात जे होतं ते या दोन्हींतलं काहीच नाही, ती अल्कोहोलची जळजळ. ‘मले कडू बिअर नाही चालत’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार या जळजळीबद्दल असते, आणि पिल्सनर त्यांना चांगलाच आवडतो.

एक अट सगळ्यांत महत्त्वाची: खर्रा. तोंडात खर्रा असताना किंवा नुकताच थुंकलेला असताना चव घेणं फुकट आहे. चुना आणि तंबाखू जीभ भाजून ठेवतात. निदान दोन तास आधी बंद, तोंड नीट खळखळून. सिगारेट आणि सावजीचं जेवण यांनाही तोच नियम, जेवण नंतर.

चव घेताना

क्रम हलक्यापासून जडाकडे: माइल्ड लागर, गव्हाची, पिल्सनर, शेवटी स्ट्राँग. उलटं केलंत तर माइल्ड पाण्यासारखी लागणार. मध्ये साधं पाणी आणि चार फुटाणे, बिनमिठाचे. शेव-चिवडा आत्ता नाही. मिठाने कडूपणा दबतो.

ओतल्याबरोबर आधी वास घ्या, तीन छोटे श्वास. मग मोठा घोट, तोंडभर फिरवून गिळा. वाइन थुंकतात तसं बिअरला करू नका, कडूपणा गिळल्यावर चांगला कळतो. पंधरा सेकंद थांबा आणि वहीत चार गोष्टी लिहा, प्रत्येकीला ० ते ५ गुण: वास, कडूपणा, तोंडात भरलेपण, गिळल्यावर मागे राहिलेली चव. पाचवा रकाना हो किंवा नाहीचा: आणखी एक ग्लास घ्यावासा वाटतो का? गुण आणि हा रकाना जुळले नाहीत तर रकान्यावर विश्वास ठेवा. एकमेकांना बोलून दाखवायचं नाही, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याचीच आवड चौघांच्या वहीत उतरते.

दुसऱ्या बैठकीला डोळ्याआडची परीक्षा. दोन जवळपासच्या लागर घ्या. तिघांनी पाठ फिरवायची, चौथ्याने तीन ग्लास भरायचे, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा जमतंच. सहापैकी पाच वेळा जमलं तर फरक खरंच कळतो. ‘आपला एकच ब्रँड’ म्हणणारे पुष्कळ जण इथे गडबडतात. गडबडलात तर दोन्हींतली स्वस्त असेल ती खुशाल घ्या.

वहीतून आवड कशी काढायची

वासाला जास्त गुण आणि कडूपणाला कमी, तर तुम्ही गव्हाच्या बिअरचे. पुढे जर्मन पद्धतीची मिळाली तर सोडू नका. कडूपणाला चार-पाच आणि शेवटी ‘हो’, तर पिल्सनर, आणि नागपुरात गेल्यावर इंडिया पेल एल परमिट रूममध्ये बसून. भरलेपण आवडलं, कडूपणा मधला, तर नुसत्या माल्टच्या लागर आणि हिवाळ्यात स्टाउट. सगळ्यांना दोन-दोन आणि फक्त स्ट्राँगला ‘हो’? मग ती पुन्हा एकदा कमी गार, १० अंशांच्या आसपास, चाखा. तरीही आवडली तर ती खरी आवड, निवांत प्या, फक्त चार पेगांचा हिशोब लक्षात ठेवा. बिअर आवडतच नाही असं निघालं तर तेही उत्तर आहे. तेवढे पैसे वाचले.

जेवणाशी जोडताना एकच नियम आपल्याकडे खरा उपयोगी: तिखट जितकं जास्त तितका कडूपणा आणि अल्कोहोल कमी. दोन्ही तिखटाची आग वाढवतात. सावजी मटणासोबत स्ट्राँग हे गावोगावचं समीकरण असलं तरी घाम तिखटाला येतो का बिअरला हे कळेनासं होतं. तिथे माइल्ड लागर किंवा गव्हाची. पाटोडीच्या रश्शालाही तेच. पिल्सनर तळलेल्या भज्यांबरोबर आणि भाजलेल्या शेंगांबरोबर छान, कारण कडूपणा तेलकटपणा कापतो. वांग्याच्या भरताला धुराचा वास असतो, त्याच्याशी स्टाउट जमते. हे जरा वेगळं वाटेल, करून बघा.

गाडीचं आणि कामाचं: रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची मर्यादा एका माइल्ड बाटलीतही ओलांडली जाऊ शकते, म्हणून बैठक जिथे झोपायचं तिथेच. फवारणी केलेल्या दिवशी किंवा दिवसभर उन्हात राबल्यावर लगेच नको. बिअरने तहान भागल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात शरीरातल्या पाण्याची भरपाई नीट होत नाही. आधी दोन ग्लास पाणी किंवा ताक.

आवड कळली तरी शॉपीत ती बिअर नसते, ही शेवटची अडचण. दुकानदार एका बाटलीसाठी माल मागवणार नाही, पण पेटीसाठी मागवतो. ६५० ची पेटी १२ बाटल्यांची, ३३० ची २४ ची. सारखी आवड निघालेल्या चौघांनी ३३० ची पेटी वाटून घेतो असं सांगितलं की बहुतेक जण पुढच्या गाडीला नाव टाकतात. प्रकार सांगून भागणार नाही, ब्रँडचं नेमकं नाव आणि माप चिठ्ठीवर लिहून द्या. माल आला की सगळ्यांनी मिळून घ्यायच्या आधी तारीख बघा, एक बाटली गार करून उघडा, आणि पुठ्ठ्याचा वास आला तर बाकीच्या तेवीस तिथेच ठेवा.